बॉम्बे रक्तगट

बॉम्बे रक्तगट हा एबीओ रक्तगट पद्धतीशी निगडित असलेला अत्यंत दुर्मीळ रक्तगट आहे. त्यास ‘ओएच’ किंवा ‘एचएच’ असेही म्हणतात. या गटाच्या तांबड्या पेशींवर ए, बी आणि एच यांपैकी एकही प्रतिजन नसतो. रक्तरसात मात्र या तिन्हींविरुद्धची प्रतिपिंडे असतात.

शोध

जखमी रुग्णांना रक्त देण्यापूर्वी मुंबईतील डॉक्टरांना एक कोडे पडले. नेहमीच्या तपासणीत रुग्णांचा गट ‘ओ’ भासत होता. परंतु त्यांच्या रक्तरसात ‘ओ’ गटाच्या पेशी मिसळताच त्यांच्या गुठळ्या होत. एकाच गटाच्या रक्तात असे घडणे अपेक्षित नव्हते. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेतील संशोधकांच्या सहकार्याने या रक्ताचा अभ्यास केला. इ.स. १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. शहराच्या तत्कालीन नावावरून या गटास ‘बॉम्बे’ हे नाव मिळाले.

कारण

एच प्रतिजन हा ए आणि बी प्रतिजनांचा पाया होय. ‘ओ’ गटाच्या पेशींवर हा पाया तसाच शिल्लक राहतो. तो तयार करणारे एफयूटी१ हे जनुक १९ व्या गुणसूत्रावर असते. माता व पिता या दोघांकडूनही त्याची निकामी प्रत आल्यास एच तयार होत नाही. मग ए किंवा बी जनुक असूनही ते प्रतिजन पेशींवर उमटत नाहीत. त्यामुळे ‘ओ’ भासणाऱ्या मातेस किंवा पित्यास ‘एबी’ गटाचे अपत्य होऊ शकते. केवळ रक्तगटावरून पितृत्वाविषयी शंका घेणे अशा वेळी अन्यायाचे ठरते. नात्यातील विवाहांत अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो.

निदान

केवळ पेशींची तपासणी केल्यास हा गट ‘ओ’ म्हणून नोंदला जातो. रक्तरसाची उलट तपासणी केल्यास ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या होतात व संशय येतो. एचविरोधी द्रव्याने रुग्णाच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या नाहीत, की निदानास पुष्टी मिळते. हे द्रव्य यूलेक्स यूरोपियस या झुडपाच्या बियांपासून मिळते.

रक्ताधान

या व्यक्तींना केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. ‘ओ’ रक्त दिल्यास तांबड्या पेशी वेगाने फुटून मूत्रपिंडे निकामी होण्याचा, प्रसंगी मृत्यूचाही धोका असतो. भारतात हा गट साधारण १०,००० व्यक्तींमागे एकात, तर युरोपात सुमारे १० लाखांत एकात आढळतो. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. म्हणून दात्याचा शोध प्रथम कुटुंबातच घेतात. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचे रक्त साठवून ठेवण्याचा मार्गही उपलब्ध आहे.