गेमिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय? आधी गेमची यादी करा, मग विंडोज की लिनक्स ते ठरवा आणि शेवटी दुकान गाठा

बारावीचा निकाल लागला, ॲडमिशन झालं की घरोघरी एक विषय निघतोच: लॅपटॉप. वडिलांना तो पोराच्या अभ्यासासाठी घ्यायचा असतो, पोराला अभ्यासासोबत गेमही खेळायचे असतात. तालुक्याच्या दुकानात गेलं की ‘गेमिंग’ लिहिलेला, रंगीत लाईटचा कीबोर्ड असलेला लॅपटॉप पुढं केला जातो. हप्ता बांधला जातो. महिनाभरानं कळतं, की पोराला जे खेळायचं होतं ते निम्म्या किमतीच्या जुन्या लॅपटॉपवरही चाललं असतं. किंवा उलट, जो गेम हवा होता तो यावर चालतच नाही.

बहुतेकांची चूक क्रमाची होते. लॅपटॉप आधी घेतला जातो आणि गेमचा विचार नंतर. क्रम उलटा ठेवा: आधी गेम, मग सिस्टीम, मग लॅपटॉप. कसा, ते पाहूया.

पहिली पायरी: तुमचे गेम कोणत्या गटातले?

कागदावर पाच-सहा गेमची नावं लिहा. ती साधारण तीन गटांत बसतील.

१. जुने गेम. मारिओ, काँट्रा, व्हिडिओ पार्लरमधला ‘मुस्तफा’ (याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉम कंपनी, १९९३), पीएसपी आणि प्लेस्टेशन २ चे गेम. हे लॅपटॉपवर इम्युलेटरमधून चालतात.

२. मोबाईलचे गेम मोठ्या स्क्रीनवर. यासाठी ब्लूस्टॅक्ससारखं सॉफ्टवेअर लागतं. चांगलं चालायला ८ जीबी रॅम हवी आणि बायोसमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ चालू असावं लागतं. पण एक लक्षात ठेवा: बीजीएमआयला इम्युलेटरवर खेळायची परवानगी नाही. फक्त त्यासाठी लॅपटॉप घेत असाल तर थांबा, तो पैसा चांगल्या मोबाईलमध्ये घाला.

३. पीसीचे गेम. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राईक २, जीटीए फाईव्ह वगैरे. नवे जड गेम खेळायचे तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. खरा खर्च इथं आहे.

इम्युलेटर म्हणजे नेमकं काय?

जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर म्हणजे इम्युलेटर. तो गेम त्या मशीनसाठी बनलेला असतो. आपला लॅपटॉप ‘मीच ते मशीन’ असं सोंग घेतो. सोंगाचा हा सगळा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो, ग्राफिक्स कार्डवर कमी. म्हणून जुन्या गेमसाठी महागडं कार्ड घेणं म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन लावण्यासारखं आहे.

कशाला किती ताकद लागते, ते असं:

- कॅसेटचे गेम, पार्लरचे गेम, पहिलं प्लेस्टेशन: गेल्या १०-१२ वर्षांतला जवळपास कोणताही लॅपटॉप, ४ जीबी रॅम. सॉफ्टवेअर: रेट्रोआर्क, मेम.
- पीएसपी: पीपीएसएसपीपी हे सॉफ्टवेअर साध्या मोबाईलवरही चालतं, लॅपटॉपवर अडचण येत नाही.
- प्लेस्टेशन २, गेमक्यूब, वी: इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ किंवा त्या तोडीचा रायझन, ८ जीबी रॅम. गेमच्या मूळ रिझोल्यूशनवर बरेच गेम वेगळ्या कार्डाशिवाय चालतात. सॉफ्टवेअर: पीसीएसएक्स२, डॉल्फिन.
- प्लेस्टेशन ३: इथं मात्र जोरदार प्रोसेसर हवा, सहा कोर किंवा जास्त, १६ जीबी रॅम. सॉफ्टवेअर: आरपीसीएस३.

दुसरी पायरी: विंडोज की लिनक्स?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली गेली. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. काही मोजके अपवाद सोडले तर सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप यात बसत नाहीत. म्हणूनच ते आता स्वस्तात विकायला येतात.

विंडोज कोणी घ्यावं? ज्याला व्हॅलोरंट किंवा फोर्टनाईट खेळायचंय त्यानं. हे गेम लिनक्सवर चालत नाहीत. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. तसंच ज्याच्या कोर्सला ऑटोकॅड, टॅली लागतं त्यानंही विंडोजच ठेवावं.

लिनक्स कोणाला परवडतं? जुने गेम खेळणाऱ्याला आणि एकट्यानं खेळायचे पीसी गेम असणाऱ्याला. लिनक्स फुकट आहे, आणि मिंटसारखी हलकी आवृत्ती जुन्या लॅपटॉपवरही बरी पळते. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणलं. त्यामुळे विंडोजसाठी बनलेले हजारो गेम लिनक्सवर चालतात. काउंटर स्ट्राईक २ तर थेट चालतो. पण जीटीए फाईव्हची गोष्ट वेगळी: त्याची स्टोरी लिनक्सवर चालते, ऑनलाईन भाग सप्टेंबर २०२४ पासून चालत नाही. तुमचा गेम चालतो का, ते ‘प्रोटॉनडीबी’ या वेबसाईटवर नाव टाकून फुकट बघता येतं.

फक्त जुने गेम खेळायचे असतील तर आणखी सोपा उपाय आहे. ‘बॅटोसेरा’ नावाची लिनक्सची आवृत्ती १६ जीबीच्या पेन ड्राईव्हवर टाका आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. आतल्या विंडोजला, अभ्यासाच्या फायलींना हात लागत नाही. पेन ड्राईव्ह काढला की लॅपटॉप पुन्हा पहिल्यासारखा.

सावधान: पेन ड्राईव्हवरून सुरू करण्यासाठी काही लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं. विंडोज ११ मध्ये बऱ्याचदा बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. सेटिंग बदलली की ते ४८ आकडी की मागतं, आणि ती नसेल तर फायली अडकतात. म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ती की वहीत लिहून घ्या, मगच बायोसला हात लावा.

तिसरी पायरी: लॅपटॉपवरचं लेबल वाचायला शिका

प्रोसेसर: ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ एवढंच ऐकून भुलू नका, पूर्ण नंबर विचारा. शेवटी ‘यू’ असेल तर बॅटरी वाचवणारा, ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ असेल तर जोरदार. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा: २ म्हणजे जुनी रचना, ३ आणि ४ म्हणजे नवी. रायझन ५ ७५२०यू हा नावानं नवा वाटतो, पण आत जुनी झेन २ रचना आहे आणि ग्राफिक्सही तोकडे. अभ्यासाला ठीक, गेमला नाही.

रॅम: १६ जीबी घ्या. वेगळं कार्ड नसेल तर १६ ची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या असाव्यात, गेम ठळकपणे वेगात चालतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, पुढं वाढवता येत नाही. हे आधीच विचारा.

ग्राफिक्स कार्ड: नाव एकच असलं तरी जोर वेगळा असतो. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० कार्ड ३५ वॅटचंही असतं आणि ११५ वॅटचंही. दोघांच्या खोक्यावर नाव तेच. त्यामुळे ‘कार्ड किती वॅटचं?’ हा प्रश्न विचाराच. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीच्या वेबसाईटवर मॉडेल नंबर टाकून बघा.

स्टोरेज: एसएसडीच घ्या, ५१२ जीबी. एकट्या जीटीए फाईव्हला १०० जीबीच्या आसपास जागा लागते.

जुना लॅपटॉप घेताना

पहिल्या गटाच्या गेमसाठी ऑफिसमधून निघालेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड चांगले पडतात. मजबूत असतात, पार्ट मिळतात. आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी असा बघा. त्यावर विंडोज ११ ही चालतं. घ्यायच्या आधी अर्धा तास चालवून बघा. सगळ्या की दाबा, चार्जर काढून बॅटरी किती टिकते बघा, बिजागरी ढिली आहे का बघा, सुरू करताना बायोसला पासवर्ड मागतो का तेही बघा. मागत असेल तर घेऊ नका. आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. चोरीचा माल असेल तर पुढं त्रास तुम्हालाच.

गावाकडच्या तीन अडचणी

लाईट: गेमिंग लॅपटॉपचा चार्जर १५० ते २४० वॅटचा असतो. लाईट गेली की बॅटरीवर गेमचा वेग निम्म्यावर येऊ शकतो, आणि बॅटरी तास-दीड तासात संपते. घरच्या इन्व्हर्टरवर पंखा, टीव्ही आधीच असेल तर हा भार धरून हिशेब करा. तीन पिनचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा, मध्ये स्पाईक गार्ड असू द्या.

ऊन आणि धूळ: हवा आत घ्यायच्या जाळ्या लॅपटॉपच्या खाली असतात. गोधडीवर, गादीवर ठेवून खेळलं की त्या बंद होतात, मशीन तापतं आणि स्वतःचा वेग कमी करतं. खाली लाकडी फळी ठेवा. वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्या.

डेटा: रोज २ जीबीचा रिचार्ज असेल तर १०० जीबीचा गेम उतरवायला ५० दिवस लागतील. मित्राकडं तोच गेम असेल तर एकाच वाय-फायवर जोडून स्टीममधून थेट त्याच्या लॅपटॉपवरून घेता येतो. गेम मात्र तुमच्या खात्यावर असायला हवा.

फुकटच्या गेमचा हिशेब

‘हजार गेमचा पेन ड्राईव्ह’ गावोगावी फिरतो. इम्युलेटर बनवणं-वापरणं ही एक गोष्ट, गेमची चोरटी कॉपी ही दुसरी. कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे आणि गेमलाही लागू होतो. स्विच मशीनचं ‘युझू’ हे इम्युलेटर निन्टेंडोनं केलेल्या दाव्यानंतर मार्च २०२४ मध्ये बंद झालं.

कायद्यापेक्षा जवळचा धोका घरातला आहे. क्रॅक गेम टाकताना ‘अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगितलं जातं. त्याच लॅपटॉपवर वडिलांचं बँक खातं, बहिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म, आधारची फाईल असते. एका गेमपायी हे सगळं उघडं पडतं. जुने गेम अधिकृतपणेही मिळतात: कॅपकॉमनं २०१८ मध्ये मारामारीचे सात जुने गेम एकत्र आणले, त्यात फायनल फाईट आणि कॅप्टन कमांडो आहेत. मुस्तफा मात्र नाही.

दुकानात जाताना ही यादी सोबत ठेवा

- प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय?
- रॅमच्या पट्ट्या किती, वाढवता येते का?
- कार्ड किती वॅटचं, त्याची मेमरी किती?
- विंडोज मूळ लायसनचं आहे का?
- वॉरंटीचं सर्व्हिस सेंटर कुठं? जिल्ह्याला की थेट पुण्या-मुंबईला?
- ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरून एकूण किती भरायचे?
- जीएसटीचं पक्कं बिल मिळणार ना?

बिल असेल आणि फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

पोरांनो, वडिलांना ‘गेमिंग लॅपटॉप पाहिजे’ एवढंच सांगू नका. गेमची यादी आणि अभ्यासाला लागणारी सॉफ्टवेअरं एकाच कागदावर लिहून दाखवा. आणि पालकांनो, ‘गेम’ शब्द ऐकून लगेच नाही म्हणू नका, तो कागद आधी वाचा. बऱ्याच वेळा त्यावरून हप्त्याशिवायच काम भागतं.