दोराचं दुसरं टोक

कामगार कायद्यांचा इतिहास म्हटलं की कामाचे तास, मजुरी, संप यांवर बोलणं होतं. आज मी एकच कलम घेऊन आलोय. कारखाने अधिनियम १९४८, कलम ३६.

कारखान्यातली टाकी, हौद, खड्डा, मोठा पाइप, धुराडं, थोडक्यात कोणतीही बंदिस्त जागा, जिथं विषारी वायू साठलेला असू शकतो, तिथं माणसाला कसं उतरवायचं, हे त्यात सांगितलं होतं. बाहेर पडायला पुरेसं मोठं मॅनहोल हवं. आतला वायू आधी काढायला हवा. मग दोनपैकी एक गोष्ट. एक तर जाणकार माणसानं स्वतः तपासणी करून जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला द्यायचा. नाही तर उतरणाऱ्यानं श्वसनयंत्र आणि पट्टा लावायचा, पट्ट्याला दोर, आणि त्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. ब्रिटनच्या १९३७ च्या कारखाने कायद्यातही असाच पट्टा आणि असाच दोर होता. आपल्याकडे तो तिथून आला.

लेखी दाखला कशाला, असं वाटेल. नाकाला कळत नाही का? हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस पुढं सरकतो. दुसरा त्याला वाचवायला उतरतो, मग तिसरा. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेनं १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंदिस्त जागांमधल्या मृतांत ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. २०१५ मध्ये कोझिकोडला दोन कामगार मॅनहोलमध्ये अडकले, तेव्हा रस्त्यानं जाणारा एक रिक्षावाला त्यांच्यासाठी उतरला. तिघंही गेले. दोर हवा तो यासाठी, की वरच्या माणसाला खाली उतरावं लागू नये.

म्हणजे १९४८ साली आपल्या कायद्याला हे सगळं ठाऊक होतं. पण कलमात शब्द होता ‘कारखान्यात’. आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. सांडपाणी पंपानं उपसणं ही याच कायद्याच्या व्याख्येनुसार ‘उत्पादन प्रक्रिया’ होती. त्यामुळे पुरेसे कामगार असले की पंपिंग स्टेशन हा कारखाना ठरायचा. तेच सांडपाणी जिथून येतं ती रस्त्याखालची वाहिनी मात्र कारखाना नव्हती. सोसायटीची सेप्टिक टाकीही नव्हती. वायू तोच, पण दोर कुंपणाच्या आतच राहिला.

१९९३ मध्ये अमेरिकेत बंदिस्त जागांसाठी परवाना पद्धतीचा सविस्तर नियम आला. त्याच वर्षी आपल्याकडे हातानं मैला उचलण्याविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा झाला. त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता. गटारात उतरणारा पुन्हा बाहेरच. संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला लावणं गुन्हा ठरलं ते २०१३ च्या कायद्यानं, कलम ७. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९४८ ते २०१३, मोजा: ६५ वर्षं. उतरणारी माणसं कोणत्या जातींतली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय या उशिराचा अर्थ लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचा इतिहास मुख्यतः भरपाईचा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये द्यायला सांगितले. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. मधे २०२१ चं मुंबई उच्च न्यायालयाचं प्रकरण आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीला एका सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार दगावले होते. काम खासगी होतं, तरी त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख सरकारनं द्यावेत आणि जबाबदार माणसांकडून वसूल करावेत, असा आदेश झाला.

कलम ३६ मध्ये आणखी एक तरतूद होती, ती सहसा कुणी वाचत नाही. श्वसनयंत्र, पट्टे आणि दोर त्या जागेशेजारीच तयार ठेवायचे, आणि ते वापरायला व श्वास पुन्हा सुरू करायला शिकवलेली पुरेशी माणसं कारखान्यात हवीत. तुमच्या सोसायटीची टाकी पुढच्या वेळी उपसायला घेतील, तेव्हा झाकणाशेजारी यातलं काय ठेवलंय, ते सेक्रेटरींना जरूर विचारा. आता प्रश्न घेऊ या.