हिमगृहाची विद्या

विद्या म्हणजे काय आणि ती कोणापाशी असते, या प्रश्नाचा विचार आम्ही शिकलेली माणसे बहुधा ग्रंथालयाच्या चार भिंतींत बसून करीत असतो. तेथे उत्तर चुकले तरी कोणाचे काही जात नाही. परंतु जेथे उत्तर चुकले असता प्राणांवर बेतते, अशा ठिकाणी या प्रश्नाचा निकाल काय लागला, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी उत्तर अमेरिकेच्या माथ्यावर, गोठलेल्या समुद्रात वसलेल्या किंग विल्यम नावाच्या बेटाचा इतिहास अवलोकन करावा. सुमारे पंचावन्न वर्षांच्या अंतराने युरोपातील दोन तुकड्या या बेटाशी येऊन थबकल्या. पहिलीतील एकही मनुष्य मायदेशी परतला नाही. दुसरीने तेथे दोन हिवाळे काढले आणि एकही मनुष्य न गमावता ती पुढे गेली. बेट तेच, थंडी तीच. मग भेद कशाचा?

पहिली तुकडी सर जॉन फ्रँकलिन यांची. अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाणारा वायव्येकडील जलमार्ग शोधण्याकरिता १९ मे १८४५ रोजी ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही इंग्रज नौदलाची दोन जहाजे निघाली. काही जणांस वाटेतून परत पाठविल्यावर त्यांवर १२९ माणसे राहिली. तीन वर्षांचा शिधा, डब्यांत बंद केलेले मांस, आगगाडीच्या एंजिनांपासून केलेली वाफेची यंत्रे आणि दोन्ही जहाजांवर मिळून दोन हजारांहून अधिक ग्रंथ, असा थाट होता. सप्टेंबर १८४६ मध्ये ही जहाजे किंग विल्यम बेटाजवळ बर्फात रुतली. ११ जून १८४७ रोजी फ्रँकलिन वारले. २२ एप्रिल १८४८ रोजी उरलेल्या १०५ जणांनी जहाजे सोडून दक्षिणेची वाट धरली व ते वाटेत पडत गेले. १८५९ मध्ये मॅक्लिंटॉक यांच्या शोधपथकास त्या किनाऱ्यावर घसरगाडीवर चढविलेली एक जड होडी सापडली. तिच्यात मनुष्यांचे सांगाडे होते. आणि त्यांच्या सोबतीस चांदीचे चमचे, रेशमी रुमाल, सपाता व पुस्तके होती. मरणाच्या वाटेवर माणसे हे ओझे ओढीत होती.

त्यांस कोणी अज्ञानी म्हणेल तर ते खरे नव्हे. १८२१ ते १८२३ या काळात त्याच नौदलाचे पॅरी व लायन हे अधिकारी त्या प्रदेशातील इन्युइट लोकांच्या शेजारी दोन हिवाळे राहिले होते. (या लोकांस परके लोक पूर्वी एस्किमो म्हणत.) ते हिमाचे घर कसे बांधतात, याचे वर्णन दोघांनीही लिहिले व ते १८२४ मध्ये लंडनमध्ये छापून प्रसिद्ध झाले. म्हणजे फ्रँकलिन निघण्यापूर्वी एकवीस वर्षे ही विद्या इंग्लंडच्या कपाटांत येऊन पडली होती. ती कपाटांतून हातांत मात्र उतरली नाही. नौदलाचा मनुष्य हिवाळा जहाजावर काढी, प्रवासात कापडी तंबू ठोकी, अंगात लोकरीचे कपडे घाली आणि गाडी स्वतःच्या खांद्यांनी ओढी. पुस्तकात वाचलेले ते एका रानटी जातीचे कुतूहल होते. आपल्या शिक्षणाचा तो भाग होऊ शकतो, असे त्या संस्थेस वाटले नाही.

ही विद्या होती तरी काय? आपल्याकडे हिम व बर्फ हे शब्द एकाच अर्थी चालतात. पण येथे आकाशातून पडून साचते ते हिम आणि पाणी गोठून होते ते बर्फ, असा भेद केला पाहिजे. घर होते ते हिमाचे. तेही कोणतेही चालत नाही. एकाच वादळात पडलेले व वाऱ्याने सारखे दाबलेले हिम लागते. कारण दोन वादळांचे थर असले की वीट मध्येच दुभंगते. म्हणून बांधणारा प्रथम बारीक काठी हिमात खुपसून तिच्या जाण्यावरून आतील घडण पारखतो. मग लांब पात्याच्या सुरीने पायाखालच्याच हिमाच्या विटा कापतो, त्यामुळे खोली खणली जाते आणि भिंतही चढते. पहिला थर एका बाजूने तिरका तासला म्हणजे पुढील विटांची रांग शंखाच्या वेटोळ्याप्रमाणे वर चढत जाते. प्रत्येक वीट किंचित आत झुकलेली, मागल्या विटेस टेकलेली. यामुळे आपल्या गवंड्यांस घुमटासाठी जो आधार उभारावा लागतो तो येथे लागत नाही. माथ्याची शेवटची वीट आतूनच बसविली की सर्व घुमट एकजीव होतो. फटींत भुसभुशीत हिम भरले, वर हवेसाठी एक भोक ठेवले, की घर तयार. कसलेल्या दोघांस याला तासाभराचा अवधी पुरतो.

आत निजण्याचा ओटा उंच आणि येण्याचे भुयार खाली असते. थंड हवा जड म्हणून खालीच राहते व ऊब ओट्यापाशी साठते. हिमाच्या कणांत हवा कोंडलेली असल्यामुळे कापसाच्या रजईप्रमाणे ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही. सीलच्या चरबीचा दिवा, त्यात शेवाळाची वात, एवढ्यावर आतील हवा पाणी गोठण्याच्या बिंदूच्या आसपास राहते. बाहेर मात्र शून्याखाली चाळीस अंशांची थंडी असू शकते. भिंतीचा आतला पृष्ठभाग जरासा वितळून पुन्हा गोठतो व घर अधिक बळकट होते. ज्या वस्तूने मनुष्य मरावयाचा तीच पांघरूण करून त्याने जगावयाचे, ही या विद्येची खुबी आहे.

ती शिकण्यास तयार झालेला एक इंग्रजी राज्याचा प्रजाजन त्या काळीही होता. ऑर्कने बेटांतील डॉ. जॉन रे हे हडसन्स बे कंपनीच्या नोकरीत होते. १८४६-४७ चा हिवाळा त्यांनी रिपल्स बे येथे दगडी घर बांधून काढला. तेव्हा इन्युइटांचे हिमगृह आपल्या दगडी घराहून सुखाचे आहे, हे त्यांनी ओळखले. १८५३-५४ मध्ये ते तेथे पुन्हा गेले तेव्हा हिमगृहांतच राहिले. १८५४ मध्ये इन्युइटांनीच त्यांस फ्रँकलिनच्या माणसांची हकीकत सांगितली : गोरे लोक उपासमारीने मेले आणि अखेरीस त्यांनी आपल्याच मृत सोबत्यांचे मांस खाल्ले. रे यांनी ती सरकारास कळविली. लंडनमध्ये क्षोभ उसळला. चार्ल्स डिकन्स यांच्यासारख्या थोर लेखकाने आपल्या साप्ताहिकात लिहिले की असल्या रानटी लोकांच्या साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही. रे यांस दहा हजार पौंडांचे बक्षीस मिळाले. पण मॅक्लिंटॉक यांस जी ‘सर’ ही पदवी मिळाली ती रे यांस कधीच मिळाली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या बेटावरील हाडे शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा त्यांवर सुरीच्या खुणा आढळल्या. साक्ष खरी होती.

दुसरी तुकडी नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेन यांची. १९०३ मध्ये ‘ज्योआ’ नावाच्या ४७ टनांच्या लहानशा जहाजातून सात माणसे निघाली आणि किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर दोन हिवाळे राहिली. आमुंडसेन यांनी बालपणीच फ्रँकलिनचे ग्रंथ वाचले होते. पण येथे आल्यावर ते नेट्सिलिक इन्युइटांचे विद्यार्थी झाले. तेरायू नावाच्या वृद्धास त्यांनी शिक्षक नेमले. हा नायक आणि त्याचे सोबती एकामागून एक हिमगृहे बांधीत, चुकत, पुन्हा बांधीत. ज्यांत कोणी राहावयाचे नाही अशी इतकी घरे हे लोक कशास उभारतात, या विचाराने तो म्हातारा डोके हलवी. त्याला परीक्षेसाठी केलेला सराव ठाऊक नव्हता. त्याच्या लोकांत परीक्षा रोजचीच होती. कॅरिबूच्या कातड्याचे सैल, दुहेरी कपडे घालावे, म्हणजे घाम अंगावर गोठत नाही, हेही ते तेथेच शिकले. १९०६ मध्ये तो जलमार्ग त्यांनी पार केला. आणि १४ डिसेंबर १९११ रोजी हीच कातडी वस्त्रे बरोबर घेऊन ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले व पाचही जण सुखरूप परतले.

तथापि इतिहासलेखकाने निकाल देताना हात आखडता ठेवावा हे बरे. सात माणसांचे पोट भरणे वेगळे आणि १०५ उपाशी, रोगी माणसांचे वेगळे. बेटाच्या ज्या वायव्य किनाऱ्यावर फ्रँकलिनची माणसे उतरली तेथे शिकार तुटपुंजी. खुद्द इन्युइटही तिकडे क्वचितच जात आणि हिंडत ते लहान लहान कुटुंबांनी. केवळ हिमगृह बांधता येते म्हणून सर्व वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण कोठे राहू नये, किती जणांनी मिळून राहू नये, कोणते ओझे टाकावे, हाही त्याच विद्येचा भाग होता. आणि ती शिकावयास तीन हिवाळे हाताशी होते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत पृथ्वी आहे, कपोत आहे, मधमाशी आहे, बाण घडविणारा कारागीरही आहे. आमच्या घरांत ही कथा भक्तिभावाने ऐकली जाते. आणि ती ऐकून उठल्यावर सुताराला, कोळ्याला, रानात राहणाऱ्या मनुष्याला काही विचारावयाचे म्हणजे आम्हांस संकोच वाटतो. गुरू कोणास म्हणावे हे ठरविताना आम्ही त्याचे ज्ञान पाहत नाही, त्याची पायरी पाहतो. इंग्रज नौदलाने तेच केले.

‘एरेबस’ २०१४ मध्ये समुद्राच्या तळाशी सापडले, तेही इन्युइटांच्या पिढीजात कथा ज्या भागाकडे बोट दाखवीत होत्या त्याच भागात. ‘टेरर’ २०१६ मध्ये सापडले, ते ज्योआ हेवन या गावच्या एका इन्युइट रहिवाशाने सांगितलेल्या खुणेवरून. आमुंडसेन यांचे जहाज जेथे नांगरले होते, तेच हे गाव. विचारणारे आले तेव्हा उत्तर तेथेच होते.