सुपारीचा वजीर

आमच्या शाळेतल्या बुद्धिबळाचा काळा वजीर कधीच हरवला आहे. त्याच्या जागी मुलं रोठा सुपारी ठेवतात. श्रीवर्धनला सुपारीला काय तोटा? त्यावाचून डाव काही अडत नाही.

आठवीतल्या एका मुलीचं नाव तालुक्याच्या स्पर्धेसाठी दिलं, तेव्हा मात्र अडलं. तिच्या चाचांचा निरोप आला : पुतळ्यांचा खेळ आमच्या घरात नको. मी त्यांच्या घरी निघालो. जाताना ती सुपारी खिशात टाकली.

चाचांची शंका जुनीच आहे. हा खेळ हिंदुस्थानातून 'चतुरंग' म्हणून इराणात गेला, तिथे 'चतरंग' झाला आणि अरबांकडे 'शतरंज'. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असं चार अंगांचं सैन्य. मुस्लिम मुलखात सैन्य राहिलं, मूर्ती मात्र बऱ्याच ठिकाणी गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निशापूरचा बाराव्या शतकातला संच आहे. त्यात हत्तीला सोंड नाही. सुळ्यांसारखी दोन टोकं दिसली की तो हत्ती समजायचा. चेहरे गेले, चाली तशाच राहिल्या.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. इमाम शाफईंच्या (मृत्यू इ.स. 820) मजहबात शतरंज मकरूह आहे, हराम नाही, पण पैसा लावायचा नाही आणि नमाज चुकवायची नाही. इतर मजहब जास्त कडक आहेत, हेही सांगायला हवं. शाफई फकीहांनी दिलेलं कारण मला आवडतं : फाशांच्या 'नर्द'मध्ये नशीब चालतं, शतरंजमध्ये विचार. मोहरा कशासारखा दिसतो यापेक्षा खेळणाऱ्याचं डोकं काय करतं, ते त्यांनी पाहिलं.

युरोपात उलटं झालं. इ.स. 1000च्या सुमारास तिथे वजिराची राणी झाली. पण नाव बदललं म्हणून चाल बदलली नाही. तिरपं एकच घर. ती पटभर धावू लागली 1475च्या आसपास, स्पेनमध्ये. पाचशे वर्षं बिचारी राणी वजिराच्याच पावलांनी चालली! पुढे ती नवी चाल आपणही घेतली, मात्र वजिराला वजीरच ठेवलं. हत्तीची तर आणखी गंमत. अरबांचा 'फील' आपल्या उंटाच्या घरात उभा असे. आपला हत्ती कोपऱ्यात, रथाच्या जागी. स्पॅनिशमध्ये उंटाच्या मोहऱ्याला अजूनही 'अल्फिल' म्हणतात.

म्हणजे नावांना काही किंमतच नाही? खेळात फारशी नाही, भाषेत पुष्कळ आहे. 'शह-काटशह' म्हणताना त्यातला फारसी 'शाह' कुणाला आठवतो? प्यादं म्हणजे 'पियादा', पायी चालणारा. उर्दूच्या तासाला मी हे शब्द पटावरूनच शिकवतो, आणि मराठीच्याही.

चाचांपुढे सुपारी ठेवली. म्हटलं, "हा आमचा वजीर."

त्यांनी ती उचलून निरखली. "चांगली आहे," म्हणाले. आमच्याकडे सुपारीची पारख आधी होते, बाकीचं नंतर. मग विचारलं, "सर, जोहरच्या वक्ताला पोरगी काय करणार?"

मी तिथूनच आयोजकांना फोन लावला. जेवणाची सुट्टी एक ते दोन होती.