बाण थांबला, पण चौकट उघडली नाही: माउस-होवरचा छोटा इतिहास

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला हे गाव आहे. मॉइलची भूमिगत मँगनीज खाण ही त्याची बाहेरची ओळख. या कंपनीची मुळं १८९६ पर्यंत मागे जातात. माझ्या पीएचडीत या पट्ट्यातल्या जुन्या खोदकामांचा नकाशा आहे. संगणकावर त्यातल्या एखाद्या ठिपक्यावर बाण नेऊन थांबलं, की छोटी चौकट उघडते आणि त्या जागेची नोंद कोणत्या अहवालातून घेतली ते दिसतं. नोंद नसेल तर चौकट उघडत नाही.

गाईड सरांकडे तो प्रोग्राम नव्हता. मग मी एक स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक ठिपक्यावर बाण ने, स्क्रीनशॉट घे, पुढे जा. रात्री चालू केली, सकाळी चित्रं पाठवून दिली. सरांचा फोन आला, "अरे, इतक्या जागांना पुरावाच नाही का?"

पुरावा होता. चौकटी चित्रात आल्या नव्हत्या. चूक माझ्या स्क्रिप्टची होती. ती शोधताना मला या 'थांबण्या'चा इतिहास वाचावा लागला, तोच आज सांगतो.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला लाकडी माउस बनवला. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांना दाखवला गेला. तेव्हापासून माउस मुळात दोनच गोष्टी कळवतो: मी हललो आणि माझं बटण दाबलं. 'मी थांबलो' असं तो कधीच सांगत नाही. बराच वेळ हालचाल आली नाही, म्हणजे माणूस इथे थांबला असावा, हा अंदाज सॉफ्टवेअर करतं. म्हणजे होवर हा एक निष्कर्ष आहे, आणि तो सगळा वेळ मोजण्यावर उभा आहे.

१९९१ मध्ये ॲपलच्या सिस्टिम ७ मध्ये 'बलून हेल्प' आलं. बाण वस्तूवर नेला की माहितीचा फुगा उघडायचा. विंडोज ९५ पासून टूलटिप ही तयार वस्तू म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती आली. पण किती वेळ थांबल्यावर 'थांबला' म्हणायचं? गंमत बघा, विंडोजने ही वेळ दुसऱ्या कामांकडून उसनी घेतली. होवरची मूळ मुदत मेनू उघडण्याच्या मुदतीएवढी, ४०० मिलिसेकंद. प्रमाण टूलटिपचा उशीर डबल-क्लिकच्या वेळेएवढा, म्हणजे साधारण ५०० मिलिसेकंद. आणि त्याच्या दहापट वेळानंतर, पाचेक सेकंदांत, टूलटिप आपोआप मिटते. माझी स्क्रिप्ट बाण नेल्या नेल्या चित्र घेत होती. अंदाज व्हायच्या आधीच फोटो काढून मोकळी!

मी मध्ये एक सेकंद थांबवून पाहिलं. तरी जमेना. इथे इतिहासाचा दुसरा धागा लागतो: खोटी हालचाल खरी मानायची का?

१९८७ मध्ये आलेल्या एक्स-११ या विंडो-व्यवस्थेत एक प्रोग्राम दुसऱ्याला बनावट घटना पाठवू शकतो, पण त्या घटनेवर 'ही पाठवलेली आहे' असा शिक्का बसतो. एक्सटर्म हा टर्मिनल प्रोग्राम अशा घटना एरवी नाकारतो, नाहीतर कोणीही तुमच्या खिडकीत आज्ञा टाइप करेल. चाचण्यांसाठी मग एक्सटेस्ट हा वेगळा रस्ता निघाला. त्यातून आलेल्या हालचालीवर तो शिक्का नसतो. विंडोजवर तुम्ही 'माउस हलला' असा नुसता निरोप खिडकीला पाठवू शकता, पण खरा बाण दुसरीकडे असेल तर होवर मोजणारी यंत्रणा लगेच 'माउस बाहेर गेला' असं कळवते. माझं नेमकं हेच होत होतं. मी निरोप पाठवत होतो, बाण हलवत नव्हतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने तर दार जवळपास बंदच केलं. तिथे साध्या प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत परवानगीशिवाय माउस हलवता येत नाही.

मी खरा बाण हलवायला लागलो. चौकट डोळ्यांना दिसली, चित्रात मात्र नाहीच! कारण टूलटिप ही स्वतंत्र खिडकी असते, आणि मी फक्त नकाशाच्या खिडकीचं चित्र घेत होतो. पडद्याचा तो सगळा भाग घेतला, तेव्हा कुठे काम झालं.

आता माझा क्रम असा आहे. खरा बाण ठिपक्यावर न्यायचा, एखाद-दोन पिक्सेल हलवायचा, एक ते दोन सेकंद थांबायचं, पडद्याचा भाग टिपायचा, मग बाण रिकाम्या जागी नेऊन आधीची चौकट मिटू द्यायची. शिवाय दर फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी असा एक ठिपका, ज्याची नोंद नक्की आहे. त्याची चौकट आली नाही, तर ती अख्खी फेरी बाद.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच. एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो वाचताना आपण विचारतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं? कोणत्या ऋतूत, कोणासोबत? मग स्वतःच्या स्क्रीनशॉटला हाच प्रश्न का विचारत नाही? 'नोंद नाही' आणि 'नोंद दिसली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिकाम्या चित्रात त्या सारख्याच दिसतात. माझ्या परिशिष्टात आता चित्रांच्या आधी एक परिच्छेद आहे: बाण कसा हलवला, किती थांबलो, पडद्याचा कोणता भाग घेतला आणि किती फेऱ्या बाद केल्या. सरांनी पहिल्यांदा वाचला तो तोच.