समासातली पेन्सिल

आमच्या घरात धर्मशास्त्रावर वाद पेटला की आत्या एकच सांगायची, "आधी पुस्तक उसवून पाहा, मग बोला." हे तिचं नव्हे, आजोबांचं वाक्य. आजोबा यवतमाळात बाइंडिंगचं काम करत. जुझबंदीची सुई, पुठ्ठा, कापडी पुस्ती, मोरचूद घातलेली खळ, एवढाच पसारा. पण त्या पसाऱ्यातून दोन धर्मांचे ग्रंथ गेले, आणि ते कसे वाचले जातात हे आजोबांनी पानांवरूनच ओळखलं.

बायबलं यायची सेमिनरीतून. फ्री मेथडिस्ट मिशनची मराठी बायबल शाळा यवतमाळात आधीपासून होती. १९५३ साली अनेक मंडळ्या एकत्र येऊन तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. पुढे १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. मधली तीस वर्षं मात्र कापसाच्या या गावात केरळ, आंध्र, ईशान्येकडची पोरं यायची. कुणी धामणगावला उतरून मोटारीनं, कुणी मूर्तिजापूरला गाडी बदलून शकुंतलेनं धक्के खात. बाबा सांगायचे, त्या पोरांना वऱ्हाडी समजत नसे आणि आजोबांना इंग्रजी, पण फाटलेलं बायबल पुढे केलं की बोलणं होऊन जाई.

ती बायबलं म्हणजे पेन्सिलीचं रान असे. ओळींखाली रेघा, समासात प्रश्नचिन्हं, कुठे "पाहा रोम. ८", कुठे नुसतंच "का?" एका पानावर बाप्तिस्म्याच्या वचनाशेजारी दोन वेगवेगळ्या हातांनी दोन उलट मतं लिहिलेली. पुस्तक एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे गेलं होतं आणि भांडण समासातच चालू राहिलं होतं.

पलीकडच्या गल्लीतले हाफिजजी, म्हणजे कुराण मुखोद्गत असलेले, एकदा आपलं कुराण घेऊन आले. आत्या तेव्हा परकर-पोलक्यात होती. तिनं पाहिलेलं असं. त्यांनी पुस्तक रुमालातून काढलं, खाली ठेवलं नाही, हातातच धरून म्हणाले, "भाऊ, सरस नका लावू जी. कोन्या जनावराचा असंल, काय सांगता येते?" आजोबांनी हात धुतले आणि मैद्याची ताजी खळ शिजवायला सांगितली. खळ निवेपर्यंत हाफिजजींची नजर शेजारच्या उघड्या बायबलावर गेली. "हे कोन्या लेकरानं खराब केलं?" आजोबा म्हणाले, "लेकरू नाही जी, प्रोफेसर आहे थो."

हाफिजजी हसले, पण हाफिजच ते. त्यांनी आपलं पुस्तक उघडून दाखवलं. मधे अरबी, ओळींच्या खाली बारीक उर्दू तर्जुमा, चहूबाजूंनी हाशियात छापलेली टीका. "अर्थ आम्हीबी लिवतो," ते म्हणाले, "पन लिवनारा कोन, त्याचा उस्ताद कोन, थे पाहून."

आमच्या घरची ही गोष्ट मला दोन्ही धर्मांच्या भाष्यपरंपरेत शिरायला फार उपयोगी पडली. मुसलमानाच्या दृष्टीनं कुराण हे ईश्वराचं बोलणं, जसंच्या तसं. म्हणून ते पाठ करायचं, उंचावर ठेवायचं, जीर्ण झालं तर रद्दीत न घालता अदबीनं दफन करायचं. त्यावर लिहायचं तर आयत कोणत्या प्रसंगी उतरली, पैगंबरांच्या सोबत्यांनी तिचा अर्थ कसा घेतला, अरबीचं व्याकरण काय सांगतं, याची साखळी दाखवावी लागते. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या लेखी ईश्वराचा शब्द आधी माणूस झाला; पुस्तक ही त्याची साक्ष. चार शुभवर्तमानं, चार साक्षीदार, तपशिलात फरक असलेले. म्हणून कुराणाची बरोबरी बायबलशी लावली की गाडी रुळावरून घसरते. त्यांच्या श्रद्धेत कुराणाची जी जागा, ती आमच्यात खुद्द ख्रिस्ताची. हे ध्यानात घेतलं नाही तर मुसलमानाला आमची पेन्सिल बेअदबी वाटते आणि आम्हाला त्याचा रुमाल पुस्तकपूजा.

ते ध्यानात न घेता झालेला मोठा वाद म्हणजे १८५४ सालचा आग्र्याचा. जर्मन मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी समोरासमोर बसले. फांडर मुसलमानांना उत्तरं द्यायच्या तयारीत होते. कैरानवींचे साथी डॉ. वझीर खान युरोपातल्याच बायबल-पंडितांची पुस्तकं वाचून आले होते. हस्तलिखितांत पाठभेद आहेत, हे फांडरना भरसभेत कबूल करावं लागलं. पाठभेद मान्य करणं आम्हाला आज जड जात नाही. सेमिनरीच्या वर्गात ते शिकवलेच जातात. पण ज्या पुस्तकाची कसोटी अक्षरन् अक्षर उतरलेपणाची, तिच्यावर बायबल घासलं की ते नापासच होणार. याउलट सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ पासून बायबलवर स्वतः टीका छापायला घेतली. मुसलमान विद्वान, आणि हातात आमचं पुस्तक! ख्रिस्ती-ज्यूंनी मुख्यतः अर्थात फेरफार केला, मूळ ग्रंथ सगळाच टाकाऊ नव्हे, असा त्यांचा कल होता. वादसभेपेक्षा त्या ग्रंथानं जास्त वाट मोकळी केली, असं मला वाटतं.

आता बकरी ईदची कथा घ्या. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो. मुलगा विचारतो, कोकरू कुठे आहे? बाप मोघम उत्तर देतो. कुराणाच्या सदतिसाव्या सूऱ्यात बाप स्वप्न सांगून मुलाचंच मत विचारतो, आणि मुलगा होकार देतो. तिथे मुलाचं नावच नाही. नवव्या-दहाव्या शतकातल्या तबरीनं तो इसहाक मानला. चौदाव्या शतकातल्या इब्न कसीरनं इस्माईल असल्याचं ठासून मांडलं, आणि आज सर्वसाधारण मुसलमान तेच मानतो. म्हणजे हाशियातही भांडणं होती, फक्त ती शाईनं लिहिलेली.

"त्यांनी आमची कथा बदलली" असं चर्चच्या पायरीवर सहज म्हटलं जातं. पण आम्ही काय केलं? ज्यूंच्या ग्रंथातल्या त्याच कथेत आम्ही क्रूस पाहिला. इब्री लोकांस पत्र म्हणतं, देव मेलेल्यांतून उठवील असं अब्राहामानं मनात धरलं होतं. उत्पत्तीच्या पानावर ते लिहिलेलं नाही. पौलानं हागार आणि सारा यांचं दोन करारांचं रूपक केलं, आणि त्याला कुणी ज्यू मान डोलावणार नाही. आमचा नवा करार हा एका अर्थी जुन्या कराराचा समासच आहे, जो आम्ही मजकुरात घेतला. ख्रिस्ताच्या उजेडात मागचं वाचणं ही माझी श्रद्धा आहे, ती मी सोडणार नाही. पण मागून आलेल्यानं आधीचं पुस्तक नव्यानं वाचलं, या एकाच कारणावरून मुसलमानाला दोषी धरायचं तोंड मला उरत नाही.

हल्ली आमच्या प्रार्थनासभेत कुणीतरी मोबाइल काढून कुराणाच्या नवव्या सूऱ्यातली पाचवी आयत वाचून दाखवतो: मारा त्यांना. मी एवढंच विचारतो, सहावी वाच. तिथे शरण मागणाऱ्याला आसरा द्या, सुरक्षित जागी पोचवा, असं आहे. आणि त्या सूऱ्याच्या आरंभी करार मोडणारे आणि पाळणारे वेगळे केले आहेत. मग मी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय उघडायला सांगतो, अमालेक्यांची बायकापोरंही मारायचा हुकूम तिथे आहे. सभा गप्प होते. मग कुणीतरी म्हणतं, त्याचा संदर्भ वेगळा होता, ख्रिस्तानं ते सगळं पालटलं. अगदी बरोबर. हा संदर्भ आपल्या पुस्तकाला द्यायचा आणि शेजाऱ्याच्या पुस्तकाची मात्र सुटी ओळ वाचायची, हे खोटं माप झालं. आणि खोट्या मापाचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांत मला पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवावं लागलं आहे.