पियानोचं पॉलिश आणि मिरजेची शिकल

मंडळी, आजचा विषय जुन्या पियानोला पुन्हा रंग-पॉलिश करण्याचा आहे. जयसिंगपुरात पियानो किती, असं कुणी विचारेल. पण कृष्णेचा पूल ओलांडला की मिरज, आणि या विषयाचा अर्धा इतिहास मिरजेत आहे.

आधी लाकूड समजून घेऊ. झाड ज्या नळ्यांनी पाणी वर चढवतं, त्यांची तोंडं रंधा फिरवल्यावर उघडी पडतात. महोगनी, शिसव, साग या लाकडांत ती नुसत्या डोळ्यांना दिसतात. तशीच सोडली तर पॉलिश त्यांत मुरतं आणि पृष्ठभाग आरशासारखा होत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत घरांना तर आरसाच हवा होता. म्हणून क्रम ठरला: आधी रंग, त्यावर पॉलिशचा पातळ हात, मग छिद्रांत भरण, शेवटी पॉलिशचे अनेक थर. मधला हात का? तर भरणातल्या रंगाने लाकडावर डाग पडू नयेत म्हणून. इंग्लंडात भरणाला प्लास्टर ऑफ पॅरिस वापरत, त्यात तांबडा रंग कालवून. ते रेषांना आडवं चोळायचं आणि वर जवसाचं तेल द्यायचं, म्हणजे पांढरेपणा लपतो. गंमत बघा, कित्येक जुन्या वाद्यांत तेच भरण पुढे पांढऱ्या ठिपक्यांनी वर येतं. झाकलेलं कायमचं झाकलं जात नाही. आपल्याकडचे पॉलिशवाले खडूची भुकटी, गेरू आणि पिवडी कालवून हेच काम करतात.

आता पॉलिशचं मूळ पाहू. याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, पण त्यातली लाख आपली. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरचा किडा ती तयार करतो. वितळवून तिची चपडी होते, आणि चपडी स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश. आपली लाख युरोपात गेली आणि पियानोच्या अंगावर फ्रेंच नाव लावून मुंबईला परत आली!

मिरजेत मात्र हे ज्ञान वेगळ्या वाटेने आलं. परंपरा सांगते, की इथले सतारमेकर मूळचे शिकलगार. शिकल म्हणजे हत्याराला दिलेली झळाळी. पटवर्धनांच्या संस्थानात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तलवारीची मागणी ओसरली आणि फरीदसाहेबांनी हात वाद्यांकडे वळवला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब (1872–1937) मिरजेत राहिले. सुरांच्या बाबतीत काटेकोर असा गवई शेजारी असला की कारागिराला सैल राहून चालत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. पियानोत गाणारी फळी आत असते. बाहेरचं खोकं हे फर्निचर. तिथे भरण कितीही करा, आवाजाला विशेष बाधा नाही. तंबोऱ्याची तबली मात्र बाहेर असते आणि तीच गाते. तिच्यावर थर जाड झाला, तर वाद्य चकाकेल आणि मुकं होईल. म्हणजे एकच क्रिया एका ठिकाणी शोभा, तर दुसऱ्या ठिकाणी हानी. आम्ही तत्त्वज्ञानात गुण आणि द्रव्य यांवर फार वाद घातले. मिरजेचा कारागीर तो प्रश्न बोटांनी सोडवतो.

तेव्हा घरात जुना पियानो, ऑर्गन किंवा पेटी असेल, तर एकदम खरवडायला बसू नका. कोपऱ्यात, न दिसेल अशा जागी, स्पिरिटचा बोळा चोळा. पृष्ठभाग चिकट झाला तर वर लाख आहे. लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. सगळं उतरवायची गरज बहुधा पडत नाही. मळ काढा, पण पट्टीजवळ बोटांनी झिजलेली कड ठेवा. ती मळ नव्हे, ते वादन आहे.

लाखेचा मोठा गुण हाच, की ती पुढच्या हाताला काढता येते. पियानोवर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत असतं, पॉलिशवाल्याचं कुठेच नसतं. तरीही त्याने आपल्या नंतरच्या अनोळखी माणसासाठी वाट मोकळी ठेवली आहे. आपण जे दुरुस्त करतो, त्यात एवढी सोय ठेवतो का, याचा विचार आपण सर्वांनी करावा.